फुफू नुसता खायचा नसतो
नायजेरियन हॉटेलात फुफू (कसावासारख्या कंदांचा मऊ, चिकट गोळा) बेचव लागला आणि पाऊण तास थांबावं लागलं असं एकाने लिहिलंय. थांबण्याचं पटतं, लंडनला पेकहॅममधे आम्हीही तेवढंच थांबलो आणि मधे कोणी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही, ते चुकलंच त्यांचं. पण फुफू नुसता खायचाच नसतो हो, उजव्या हाताने छोटा गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा करून एगुसी सूपमधे (कलिंगडासारख्या फळाच्या बिया वाटून केलेलं) बुडवायचा आणि न चावता गिळायचा, म्हणून तर नायजेरियन लोक त्याला 'स्वॅलो' म्हणतात. चव सगळी सुपात.

आणि हे कोणी लिहिलं नाही, शाकाहारी असाल तर नुसतं 'मटण-चिकन नको' सांगून भागत नाही, एगुसीत सुक्या क्रेफिशची पूड बहुतेक असतेच, आपल्या सुकटीसारखी. माझ्या बायकोला तीन-चार घास खाल्ल्यावर कळलं, फार वाईट वाटलं तिला. ऑर्डर देतानाच स्पष्ट विचारा.