ऑपरेशन मोफत, पण बाकीचं?

दादा, ‘सरकारी योजनेत लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन मोफत होतं, मग देणगी कशाला?’ असं तुम्ही विचारलंत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, हे खरं. नवा रायपूरच्या सत्य साई संजीवनी या मुलांच्या हृदयरोगाच्या रुग्णालयातही उपचाराचे पैसे घेत नाहीत. पण नागपूरहून तिथे जायचं म्हणजे आईबापाची रोजी बुडते, धाकट्या लेकरांना कुणाकडे तरी ठेवावं लागतं. इथे नागपूरच्या मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) गडचिरोलीहून आलेल्यांचंही तेच; आई बाळाजवळ, बाप बाहेर रात्र काढतो. डिस्चार्जनंतर पुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी), औषधं, तिकिटं. माझ्या मते देणगी आधी राहणं, जेवण आणि प्रवासासाठीच द्यावी. नेमकी गरज कुणाला आहे, हे सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा.