मदत हवी आहे: ग्रेट लेक्सवरच्या खलाशांचा १९०९चा संप

मंडळी, अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांवरच्या मालवाहू बोटींच्या खलाशांवर लिहितोय. १८७८मध्ये शिकागोत त्यांनी संघटना बांधली. १९०८मध्ये लेक कॅरियर्स असोसिएशन या मालकांच्या संघाने युनियनला दार बंद केलं, मग ‘कल्याण योजना’ आणली. त्यात प्रत्येकाला एक वही. बोटीवर चढताना कप्तानाकडे द्यायची, उतरताना तो शेरा मारणार. शेरा वाईट असला की वही हातात परत नाही! याविरुद्धचा १९०९चा संप १९१२पर्यंत चालला, तरी खलाशी हरले.

माझे बाबा जहाजावर होते. त्यांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, आई ट्रंकेत जुन्या साडीत गुंडाळून ठेवायची, म्हणून ती वही मनातून जात नाही.

संपकऱ्यांच्या घरच्यांची पत्रं, आठवणी कुठे मिळतील? क्लीव्हलँड, डेट्रॉइटकडचं कुणी तिथल्या ग्रंथालयात विचारेल का?