भांडणानंतर मुलांना लगेच 'सॉरी म्हण' सांगावे का? ख्रिस्ती घरांतील भावनिक शिक्षणाविषयी

शाहूपुरीतील एक आई (चर्चाप्रस्ताव)
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सामाजिक-भावनिक विकासाला (स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून वागायला शिकण्याला) स्थान मिळाले आणि शाळेच्या पालकसभेतही हा विषय निघू लागला. आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) मात्र 'हे सारे आपल्याकडे आधीपासून आहे' असे म्हणून तो बाजूला सारला जातो. माझे मत वेगळे आहे. मुलांचे भांडण झाले की आपण त्यांना तत्काळ हात मिळवायला लावतो, 'येशूने क्षमा केली, तूही कर' असे सांगतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. मार खाल्लेल्याचे दुखणे तसेच राहते आणि मारणारा एका शब्दावर सुटतो. बायबलमधील लूक १७:३ मधला क्रम असा नाही. तेथे अपराध करणाऱ्याला आधी दोष दाखवायचा आहे आणि त्याने पश्चात्ताप केल्यावर क्षमा करायची आहे. स्वतःचा राग शब्दांत मांडता न येणारे मूल दोष दाखवणार कसे?

कसबा बावड्यातील आजोबा
मी सहमत नाही. मार्क ११:२५ मध्ये प्रार्थनेला उभे राहताना क्षमा करण्याची आज्ञा आहे आणि तिला समोरच्याच्या पश्चात्तापाची अट जोडलेली नाही. ज्या अमेरिकी 'कॅसेल' संस्थेची (स्थापना १९९४) भावनिक शिक्षणाची चौकट सर्वत्र वापरली जाते, तिच्या पाच क्षमता म्हणजे आत्मभान, आत्मव्यवस्थापन, सामाजिक भान, नातेसंबंध आणि जबाबदार निर्णय. यांत वाईट काही नाही, पण देवापुढची पापकबुली कोठे आहे? हल्ली मूल 'मला राग आलाय' एवढे म्हणाले की घरात कौतुक होते. पुढचे इंद्रियदमन, जे गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळात गणले आहे, ते राहूनच जाते. शिस्तीबद्दल नीतिसूत्रे १३:२४ (छडी आवरणारा आपल्या मुलाचा द्वेष करतो) पुरेसे स्पष्ट आहे.

शब्बाथशाळेतील (संडे स्कूलमधील) शिक्षिका
आजोबा, छडीचे वचन आपल्याकडे सर्वांना पाठ असते, पण 'मुलांना चिरडीस आणू नका' हे इफिसकरांस ६:४ थेट बापांना उद्देशून असूनही क्वचितच कानी पडते. पापकबुलीविषयी आपण म्हणता ते मला मान्य आहे. तरी स्तोत्रसंहिता उघडून पाहा. तेराव्या स्तोत्रात 'कोठवर?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. आपण मुलांकडून तेविसावे पाठ करून घेतो आणि ही दोन्ही त्यांच्यापर्यंत पोहोचूच देत नाही. दुःखी मुलाला देवाशी बोलायला आनंदाचेच शब्द दिले, तर ते एक तर खोटे बोलेल किंवा गप्प बसेल. माझ्या वर्गात एकाने दुसऱ्याची कंपासपेटी मोडली, तर मी बायबलमधल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट काढते, कारण त्याने अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याचे ठरवले होते. चौपट राहू दे, पण पेटी दुरुस्त करून देणे 'सॉरी'पेक्षा अवघड असते, आणि ते करताना समोरच्याचे नुकसान किती झाले हे मुलाला कळते.

कसबा बावड्यातील आजोबा
जक्कयाचा दाखला पटला. भरपाईचा आग्रह मीही धरीन. परंतु मोडणाऱ्याने काहीच केले नाही, तर दुसऱ्या मुलाने किती दिवस राग धरायचा? प्रस्तावात याचे उत्तर नाही.

शाहूपुरीतील एक आई
राग धरून ठेवावा असे मी म्हटलेले नाही. मार्कमधली क्षमा देवासमोर, एकट्याने करायची आहे, आणि ती मूल आपल्या वेळेने करील. पुन्हा मैत्री होणे ही निराळी गोष्ट आहे, कारण तिला दोघे लागतात. मोठ्यांनी मध्ये पडून ती त्याच क्षणी घडवून आणू नये, एवढाच माझा मुद्दा आहे. विशेषतः जेथे एक मूल दुसऱ्याला रोज छळते, तेथे हात मिळवायला लावणे म्हणजे छळणाऱ्याचीच बाजू घेणे होय.