मदत हवी आहे: किंमत उतरवली तरी कन्सोलचा खप उतरतोय (स्लोप उलटा येतोय, अर्जंट)

घाईत_गणित | शनिवार, ११:१२

सोमवारी सादरीकरण आहे, त्यामुळे मुद्द्याचंच लिहितो. विषय आहे किमतीचे निर्णय आणि गेमिंग कन्सोलची विक्री. मला एवढंच दाखवायचंय की किंमत उतरवली की कन्सोल जास्त खपतो. शेंबडं पोरही सांगेल. पण शीटमध्ये रिग्रेशन लावलं (आकड्यांतून सरळ रेषा काढली) तर स्लोप, म्हणजे रेषेचा चढ, पॉझिटिव्ह! म्हणजे जितका महाग तितका जास्त खपतो. सूत्र तीनदा तपासलं, कॉलमची अदलाबदल झालेली नाही. काल रात्री दोनपर्यंत बसलो होतो.

कुठे चुकतंय तेवढं सांगा. इतिहास नको, तो माझ्याकडे आहे.

भुंगा७७ | ११:१९

कुठला कन्सोल? किती वर्षांचे आकडे? कुठल्या देशातली किंमत?

जुनं_कार्ट्रिज | ११:३१

इतिहास नको म्हणता, पण तुमचं उत्तर इतिहासातच आहे. ११ मे १९९५. लॉस एंजेलिसमध्ये पहिला ई३ (व्हिडिओ गेमचं मोठं प्रदर्शन) भरला होता. सेगाने व्यासपीठावरून जाहीर केलं की त्यांचा सॅटर्न कन्सोल सप्टेंबरात नाही, आजपासूनच मिळेल. किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस बोलायला उभे राहिले, "२९९" एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. प्लेस्टेशनची किंमत! भाषण संपलं, सॅटर्नही संपला. शंभर डॉलरचा फरक. कसलं रिग्रेशन लावताय, हा एक प्रसंग सांगा आणि खाली बसा.

स्क्वेअरबटण | ११:४०

कार्ट्रिजकाका, हा प्रसंग तुम्ही दर धाग्यात सांगता. :) सॅटर्न फक्त किमतीने मेला असं म्हणणं म्हणजे फारच सोपं करणं झालं. चार महिने आधी बाजारात आणला, तोही मोजक्याच दुकानसाखळ्यांत. बाकीचे विक्रेते चिडले, केबी टॉइजने तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. गेम बनवणाऱ्यांचे गेम सप्टेंबरच्या हिशेबाने चालले होते, त्यामुळे खेळायला पाच-सहाच गेम. २९९ला विकला असता तरी आपटला असता.

जुनं_कार्ट्रिज | ११:४४

२९९ला विकला असता तर विक्रेते चिडूनही विकत राहिले असते. गिऱ्हाईक दारात उभं असलं की राग गिळता येतो.

घाईत_गणित | ११:५२

अहो, सॅटर्नचं कोण विचारतंय? @भुंगा७७, कन्सोल म्हणजे आपला नेहमीचाच. वर्षवार आकडे आहेत, नऊ ओळी. किंमत लाँचपासूनची.

भुंगा७७ | ११:५४

"आपला नेहमीचा" म्हणजे? माझा नेहमीचा गेमबॉय आहे.

पीसीच_बांधा | १२:०३

कन्सोल घेऊच नका. स्वस्त कन्सोल हा सापळा असतो, यंत्रावरचा तोटा ते गेमच्या किमतीत वसूल करतात. त्यापेक्षा जुनं ग्राफिक्स कार्ड शोधा, सोळा जीबी रॅम टाका, पाच वर्षं बघायला नको.

मेघना_र | १२:१०

त्यांना कन्सोल घ्यायचाच नाहीये हो, पण तुमच्या वाक्यातला अर्धा भाग कामाचा आहे. २००६ साली पीएस३चं (सोनीचा प्लेस्टेशन ३) ६० जीबीचं मॉडेल ५९९ डॉलरला आलं, आणि आयसप्लाय या संस्थेने ते उघडून आतले भाग मोजले तेव्हा बनवण्याचा खर्च साधारण ८४० डॉलर निघाला. इतका महाग म्हणून ज्याची टिंगल झाली तो तोट्यातच विकला जात होता. म्हणून किंमत कधी उतरवायची हे नुसत्या मागणीवर ठरत नाही, चिप कधी स्वस्त होते त्यावरही ठरतं. २००९च्या सप्टेंबरात स्लिम मॉडेल आलं आणि किंमत २९९ झाली, ती यामुळेच परवडली.

@घाईत_गणित, तीन गोष्टी सांगा, नाहीतर सगळे अंधारात दगड मारत बसतील:
कन्सोलचं नाव.
आकडे कंपनीने दुकानांकडे पाठवलेल्या मालाचे की गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्यांचे?
किंमत एका देशाची आणि विक्री जगाची, असं तर नाही ना?

तिसरी_तिमाही | १२:३४

वर्षवार आकडे आहेत तिथेच घोळ आहे. वर्ष हे फार जाड भांडं आहे, त्यात सगळं एकत्र शिजतं. निन्टेन्डो ३डीएस या हातात धरायच्या कन्सोलचे तिमाही आकडे बघा, मला पाठ आहेत (हो, मला दुसरा उद्योग नाही).

मार्च २०११पर्यंत, म्हणजे लाँचनंतर महिनाभरात, ३६ लाख. अमेरिकेत किंमत २४९.९९.
एप्रिल ते जून, ७ लाख. किंमत तीच.
ऑगस्टमध्ये किंमत एकदम १६९.९९. अध्यक्ष इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, आधी घेतलेल्यांना वीस जुने गेम फुकट दिले.
जुलै ते सप्टेंबर, साधारण २४ लाख.
ऑक्टोबर ते डिसेंबर, ८४ लाखांच्या आसपास. सगळे म्हणाले, बघा किंमत उतरवल्याचा परिणाम!
जानेवारी ते मार्च २०१२, २१ लाख. किंमत पुन्हा तीच, १६९.९९.

आता सांगा, २४९ला ३६ लाखही आणि ७ लाखही. १६९ला ८४ लाखही आणि २१ लाखही. किंमत जागची हलली नाही तरी खप चौपट-पाचपट हलतो, कारण एकदा लाँच असतो आणि एकदा डिसेंबर. शिवाय त्या नोव्हेंबरात मारिओ ३डी लँड आणि डिसेंबरात मारिओ कार्ट ७ आला. किंमत उतरवण्याचा वाटा किती आणि मारिओचा किती, ते वेगळं काढून दाखवा म्हणजे मी मानेन.

स्क्वेअरबटण | १२:४१

+१. आणि उलट बाजूही आहे. निन्टेन्डोने वी यू २०१३ साली ३४९वरून ३००वर आणला, शेवटी आयुष्यभरात १.३६ कोटीच खपला. सेगाचा ड्रीमकास्ट १९९९ला १९९ डॉलरला आला, २००१ला ९९वर नेला आणि पुढच्या महिन्यात बंदच केला. लोकांना पीएस२ हवा होता, तो महाग असूनही थांबले.

जुनं_कार्ट्रिज | १२:४९

ड्रीमकास्टवर बोलू नका. तो खोल विषय आहे.

रिकामा_स्लॉट | १२:५५

अवांतर: बारा वर्षांच्या मुलासाठी कुठला घ्यावा? जरा थांबलं तर किमती उतरतील का?

भुंगा७७ | १३:०१

ते दिवस गेले. पीएस५ २०२०ला आला आणि २०२२ला बऱ्याच देशांत महाग झाला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस अमेरिकेत २९९.९९ला आला होता, २०२५च्या मेमध्ये ३७९.९९ झाला आणि ऑक्टोबरात ३९९.९९. म्हाताऱ्या कन्सोलची किंमत वाढते, हे आमच्या पिढीला समजावून घ्यायला जड जातं. "उतरेल तेव्हा घेऊ" म्हणत मी एका कन्सोलसाठी तीन वर्षं थांबलो, तोवर त्याचा पुढचा आला.

घाईत_गणित | १३:२०

धागा माझा आहे याची नम्र आठवण.

सांगतो. पीएस२. मला वाटलं आकडे बघून कळेलच. (आकडे टाकलेच नव्हते, मान्य.) सोनीच्या अहवालांतले आकडे, जगभरचे, आर्थिक वर्षाचे. किंमत अमेरिकेची, त्या वर्षी बहुतेक काळ होती ती. काही ओळी:

२००१: २९९ डॉलर, १ कोटी ८१ लाख
२००२: १९९ डॉलर, २ कोटी २५ लाख
२००४: १४९ डॉलर, १ कोटी ६२ लाख
२००८: १२९ डॉलर, ७९ लाख
२००९: ९९ डॉलर, ७३ लाख

९९ला ७३ लाख आणि २९९ला १ कोटी ८१ लाख. हे घेऊन मी समोर कसा उभा राहू?

लॉग_घ्या | १३:२६

दोन्ही बाजूंचा लॉग घ्या.

मेघना_र | १३:५८

लॉग घेऊनही चिन्ह बदलणार नाही हो.

आता कळलं. तुमचं सूत्र बरोबर आहे, प्रश्न चुकीचा विचारलाय. खोकला जास्त झाला त्या दिवशी औषध घेतलं, तर डायरीत काय दिसेल? औषध आणि खोकला एकाच दिवशी. त्यावरून औषधाने खोकला होतो असं तुमची शीट म्हणतेय. सोनीने २००९ला ९९ डॉलर केले कारण घ्यायचे त्यांनी पीएस२ घेऊन झाला होता आणि पीएस३ येऊन अडीच वर्षं झाली होती. खप ओसरतो म्हणून किंमत उतरवतात, आणि तुम्ही तेच उलटं वाचताय. ९९ केले नसते तर ७३ लाखही खपले नसते, पण ते "नसते" शीटमध्ये कुठे दिसणार?

आणि तुमच्याच पहिल्या दोन ओळी बघा. २९९वरून १९९, आणि खप ४४ लाखांनी वर. कन्सोल तरुण होता तोवर किंमत काम करत होती. तेवढ्यावर लगेच उड्या मारू नका मात्र. मे २००२मध्ये सोनीने किंमत उतरवली, दुसऱ्याच दिवशी एक्सबॉक्सही १९९वर आला आणि त्याच महिन्यात निन्टेन्डोचा गेमक्यूब १४९वर. त्या ऑक्टोबरात पीएस२वर व्हाइस सिटी हा गेम आला. शिवाय तुमची किंमत अमेरिकेची आणि खप साऱ्या जगाचा.

एकच जोडी दाखवायची असेल तर सप्टेंबर २००३चा गेमक्यूब घ्या. १४९वरून ९९, आणि पीएस२ व एक्सबॉक्स दोघेही १७९वर तसेच बसले होते. एकाने किंमत हलवली, दोघांनी नाही. अशी तुलना फार क्वचित मिळते. फक्त अमेरिकेतले, गिऱ्हाइकांनी विकत घेतलेले आकडे, आधीचे आणि नंतरचे काही महिने, आणि आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना. म्हणजे डिसेंबर आपोआप वजा होतो.

तिसरी_तिमाही | १४:०६

आणि गेमक्यूबला कंपनीचे आकडे अजिबात वापरू नका. निन्टेन्डोने २००३मध्ये साठलेला माल संपावा म्हणून उत्पादनच थांबवलं होतं. कारखान्यातून काहीच निघत नाही आणि दुकानातून मात्र विकलं जातंय, असा तो काळ. पाठवलेल्या मालाचे आकडे घेतलेत तर स्लोप आणखी कुठल्यातरी तिसऱ्याच दिशेला जाईल.

स्क्वेअरबटण | १४:१५

पण ९९ करूनही गेमक्यूब शेवटी २.१७ कोटींवरच थांबला, एक्सबॉक्सच्याही मागे. मग किंमत उतरवून मिळवलं काय?

मेघना_र | १४:२१

मिळवलं की. किमतीने तो ख्रिसमस मिळाला, कन्सोलची अख्खी पिढी मिळाली नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांच्या सादरीकरणात फक्त पहिला आहे.

जुनं_कार्ट्रिज | १४:२४

पिढी लाँचच्या किमतीनेच मिळते. २०१३! एक्सबॉक्स वन ४९९, पीएस४ ३९९. पुन्हा तोच शंभर डॉलरचा फरक. एक्सबॉक्सला वर्षभरात कायनेक्ट (सोबतचा कॅमेरा) काढून ३९९वर यावं लागलं, तोवर गाडी सुटली होती. म्हणजे १९९५च...

स्क्वेअरबटण | १४:२६

आलं. १९९५ आलं.

तेव्हा एक्सबॉक्स वनच्या ऑनलाइन तपासणी आणि जुन्या डिस्कवरच्या अटी यांवरूनही लोक भडकले होते. त्या अटी मागे घेतल्या, तरी मनात राहिलंच. नुसती किंमत नव्हे.

पीसीच_बांधा | १४:३०

~~प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)~~

घाईत_गणित | १७:४८

मेघनाताई, तिसरी_तिमाही, धन्यवाद. नऊ ओळींची शीट फेकली नाही, तीच पहिल्या स्लाइडवर ठेवतोय, "यात काय चूक आहे?" असं विचारून. पुढे ३डीएसच्या तिमाह्या, मग २००३चा गेमक्यूब. शीर्षक बदललं: आधी "किंमत उतरवल्यावर काय होतं" होतं, आता "किंमत केव्हा उतरवतात".

अमेरिकेतले २००३चे महिनावार आकडे कोणाकडे आहेत का? आज मिळाले तर बरं.

भुंगा७७ | १७:५५

तेव्हा ते आकडे एनपीडी ही बाजार-संशोधन कंपनी गोळा करायची. पूर्ण यादी विकत मिळते, पण त्या काळच्या गेमिंग बातम्यांत महिन्याचे ठळक आकडे छापून यायचे. सप्टेंबर ते डिसेंबर २००२ आणि २००३, आठच महिने शोधा. तेवढे पुरतात.

रिकामा_स्लॉट | १८:०२

माझ्या प्रश्नाचं कोणी काही बोललं नाही. थांबू की घेऊ?

जुनं_कार्ट्रिज | १८:१०

घेऊन टाका. @घाईत_गणित, माझी १९९५ची गोष्ट घेतली का स्लाइडवर?

घाईत_गणित | १८:११

नाही.

जुनं_कार्ट्रिज | १८:१२

प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारेलच. तयारीत राहा.