तो मेसेज कोणी टाकला होता?

जोशीकाकू बी-३०२: नमस्कार. यांना काल घरी आणलं. विचारपूस करणाऱ्या सगळ्यांचे आभार. पण एक बोलायचंच आहे. गेल्या आठवड्यात इथे 'स्टिरॉइड म्हणजे गोड विष' असा मेसेज आला. तो वाचून यांनी संधिवाताच्या अडीच महिने चालू असलेल्या गोळ्या शुक्रवारी मला न सांगता बंद केल्या. सोमवारी उलट्या, बाथरूममधून उठता येईना, बीपी ९०/६०.

शिंदे सी-४०१: पांढरी गाडी पुन्हा रॅम्पवर. ज्यांची असेल त्यांनी काढावी.

सानेकाका ए-१०४: वहिनी, जसा आला तसा फॉरवर्ड केला. हेतू चांगलाच होता.

जोशीकाकू: हेतूने बीपी वर येत नाही भाऊजी.

मेघना ए-२०३: काकू, काका आता कसे आहेत? मी बारा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर आहे, हे नेहमी बघते. स्टिरॉइडसारखंच एक द्रव्य आपलं शरीर रोज बनवतं, किडनीवरच्या ग्रंथींमध्ये. गोळी बरेच आठवडे चालली की त्या ग्रंथी सुस्तावतात. गोळी एकदम बंद केली तर लगेच जाग्या होत नाहीत. म्हणून डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

सानेकाका: पण २०२१ ला काळी बुरशी स्टिरॉइडमुळेच झाली ना?

मेघना: वाढलेली शुगर आणि गरज नसताना किंवा जास्त दिलेलं स्टिरॉइड, यांनी धोका वाढला काका. पण कोविडमध्ये ऑक्सिजनवर असलेल्या कित्येकांना डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनेच वाचवलं.

सानेकाका: म्हणजे मी खोटा नव्हतो.

जोशीकाकू: 🙏

पाटील सी-१०२: गुळवेलीचा काढा सुरू करा. आमच्याकडे वेल आहे, कधीही न्या.

मेघना: पाटीलकाका, आत्ता नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. गुडघा दुखतो म्हणून वरून डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर पण नाही, स्टिरॉइड आणि ती मिळून पोटात अल्सर होऊ शकतो.

शिंदे: गाडी???

देशमुखवहिनी बी-१०१: माझ्या सासूबाईंची शुगर याच गोळ्यांनी २९० गेली होती. आधी कोणी सांगितलंच नाही. चेहरा पण लाडवासारखा.

रोहन सी-३०३: सोसायटीच्या गणपतीच्या फोटोत माझा चेहरा तसाच आहे, मी तर गोळी पण घेत नाही 😄

देशमुखवहिनी: रोहन, तुझं कारण वेगळं आहे. वडापाव.

रोहन: बरं मेघनाताई, मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणली होती. लावली की खाज जाते, थांबवली की दुप्पट येते.

मेघना: त्यात स्टिरॉइड आहे का बघ. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल. खाज दबते, आत बुरशी पसरते. लावत बसू नकोस, स्किनच्या डॉक्टरांना दाखव. आणि अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय मागू नये.

रोहन: मिळाली तर!

सानेकाका: बघा, मेडिकलवालेच देतात.

मेघना: आमच्या दुकानात नाही देत. इथे दुकानाचा विषय काढू नका, सानेकाका.

पाटील: काढा सगळ्यांवर चालतो. वेल आहे आमच्याकडे.

सानेकाका: (हा मेसेज डिलीट केला आहे.)

जोशीकाकू: काय डिलीट केलंत भाऊजी? मी वाचलं.

जोशीकाका बी-३०२: मी वाचतोय सगळं. मेसेज साने यांचा होता, पण गोळी मीच बंद केली. आता फ्रिजवरच्या कालनिर्णयवर डॉक्टरांनी सांगितलेला डोस हिने लाल पेनाने लिहिलाय. सकाळी पोह्यांनंतर. एकदा दुपारी घेतली तर रात्री दोन वाजता टक्क जागा, आणि डब्यातली चकली संपवली.

जोशीकाकू: चकल्या तेव्हाही कमी होत्या.

मेघना: काका, उलटी झाली आणि गोळी पोटात राहिली नाही तर लगेच डॉक्टरांना फोन. दातवाल्याकडे गेलात तरी गोळी चालू आहे हे सांगा.

जोशीकाका: हो बाळ. आणि शिंदे, पांढरी गाडी माझ्या मेव्हण्याची. काल दवाखान्यातून त्यानेच आणलं. सकाळी काढतो.

शिंदे: राहू द्या काका, काळजी घ्या 🙏 सकाळी म्हणजे साधारण किती वाजता?