सिनेमा ‘डब्यात गेला’ म्हणजे नक्की काय झालं?

बोरूबहाद्दर: अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’वरचा एक लेख मराठीत आणतेय. १९४२ चा सिनेमा, आरकेओ स्टुडिओचा. खर्च ११ लाख डॉलरच्या आसपास, त्यातले ६ लाखांहून जास्त बुडाले. मी लिहिलं, ‘चित्रपट डब्यात गेला’. संपादकांनी लाल रेघ मारली: डब्यात जातो तो प्रदर्शितच न झालेला. आमच्या घरी तर आपटलेल्या प्रत्येक सिनेमाला आई ‘डब्यात गेला’च म्हणायची. कोण बरोबर?

ऑपरेटरचा पुतण्या: तुमच्या आई! आमचे काका तालुक्याच्या थिएटरात मशीनवर होते. शुक्रवारी लागलेला सिनेमा सोमवारी चालेना, की मालक खालून ओरडायचे, “डबे भरा!” रिळं पत्र्याच्या डब्यांत घालून परत एस्टीच्या टपावर. जो लागलाच नाही तो डब्यातून बाहेर कधी आला होता, परत जायला?

खडूस: गोड व्युत्पत्ती. पण एका मालकाच्या ओरडण्यावरून भाषा ठरत नाही. ‘डब्यात पडून आहे’ म्हणजे रखडला, असं कितीतरी लोक म्हणतात. चांगला ‘पडला’ असताना डबे कशाला वाजवता? नाटक पडतं, उमेदवार पडतो, सिनेमा पडतो.

तिसरी घंटा: अँबरसन्स पडला नाही हो, पाडला! वेल्स फेब्रुवारीत ब्राझीलला गेला, रिओचा कार्निव्हल चित्रित करायला. मागे सिनेमाची १३२ मिनिटांची कच्ची जुळणी. १७ मार्चला कॅलिफोर्नियातल्या पोमोनात चाचणी खेळ लावला, तोही एका नाचगाण्याच्या सिनेमाच्या पाठोपाठ. एका बड्या घराण्याची उतरती कळा पाहायची, तर पोरं खिदळत सुटली. स्टुडिओची गाळण उडाली. वेल्स तिकडून तारा करतोय, इकडे संकलक रॉबर्ट वाइजची कात्री चालू. उरली ८८ मिनिटं. शेवटही दुसऱ्याकडून नव्याने करून घेतला. संगीतकार बर्नार्ड हरमन इतका चिडला की त्याने श्रेयनामावलीतून स्वतःचं नाव काढायला लावलं. आणि जुलैत लावला तो कशाच्या जोडीला? ‘मेक्सिकन स्पिटफायर सीज अ घोस्ट’ या विनोदीपटाच्या! ढकललेल्या माणसाला ‘घसरला’ म्हणायचं का?

खडूस: ‘पाडला’ हा आरोप झाला, अनुवाद नाही. मूळ लेखात अकर्मक असेल तर अकर्मकच ठेवा. शिवाय १३२ मिनिटं चालली असती हे कशावरून? पर्ल हार्बरवर जपानी हल्ला होऊन, अमेरिका युद्धात उतरून चार महिने झाले नव्हते, वाड्यातलं रडगाणं कोणाला हवं होतं?

तिसरी घंटा: रडगाणं म्हणे! ऑस्करची चार नामांकनं होती, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. आणि कापलेला भाग स्टुडिओने नष्ट करून टाकला. तो बिचारा डब्यातसुद्धा राहिला नाही.

बोरूबहाद्दर: म्हणजे मी काय लिहू? लेख उद्या द्यायचाय.

शुद्धमती: ‘तिकीटबारीवर अयशस्वी ठरला’ लिहा. ‘आपटला’, ‘पडला’ ही चावडीवरची भाषा झाली.

खडूस: तिकीट कुठल्या संस्कृत धातूपासून आलं, ताई?

शुद्धमती: रुळलेल्या शब्दांना माझी हरकत नाही.

खडूस: मग ‘फ्लॉप’ काय काल आला?

ऑपरेटरचा पुतण्या: काका ‘फ्लॉप’ कधीच म्हणाले नाहीत. ‘पहिल्या रिळातच कळतं’ म्हणायचे. एक रीळ लावून झाला की भोकातून खाली बघायचे, किती लोक बिडीला उठलेत ते.

शुद्धमती: ‘लावून झाला’? रीळ नपुंसकलिंगी आहे. ते रीळ. तुम्हीच वर ‘रिळं’ लिहिलंय.

ऑपरेटरचा पुतण्या: लिहिताना ते, बोलताना तो. आमच्याकडे दोऱ्याचासुद्धा तो रीळ.

तिसरी घंटा: माझी भाची दिवसभर ‘ती रील’ बघत असते.

खडूस: झालं, तिन्ही लिंगं पूर्ण. दोऱ्याचा ‘तो’ कुठल्या जिल्ह्यात म्हणतात, ते आधी सांगा.