मदत हवी आहे: साखरपुड्याच्या अंगठीत लॅबचा हिरा घ्यावा का? (जळगाव)

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाचा साखरपुडा पौष संपला की आहे. आम्ही अमळनेर तालुक्यातले, मुलगी शहाद्याची. तिने मागितलं काहीच नाही. एका खड्याची अंगठी आवडते, एवढंच भावाशी बोलली. त्याने ते मनावर घेतलं. अर्ध्या कॅरेटचा, म्हणजे ५० सेंटचा खडा बघायला आम्ही जळगावच्या सराफ बाजारात गेलो. खाणीतल्या हिऱ्याचा भाव ऐकून आई गप्पच झाली. मग दुकानदाराने दुसरा ट्रे काढला, लॅबच्या म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचा. खडा तेवढाच, दिसायला उलट जास्त स्वच्छ, आणि किंमत जेमतेम सातवा हिस्सा.

आमच्याकडे दागिना म्हणजे नुसती हौस नसते. कापसाने दगा दिला त्या वर्षी आईच्या पाटल्यांवर घर तरलं. त्यामुळे तिचा एकच प्रश्न आहे: अडीनडीला हा मोडता येईल का? आजी तर सरळ विचारते, “हाऊ खरा शे का खोटा?” दुकानदाराने पेनसारखं यंत्र खड्यावर टेकवलं, ते वाजलं. तेवढ्यावर विश्वास ठेवावा का? आणि व्याह्यांना सांगायचं की नाही? मामा म्हणतात, बोभाटा कशाला करायचा. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी शिरपूरचा. सुरतेत बरीच वर्षं घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, हिरे घासलेत, दोन्ही प्रकारचे. आजीला सांगा, खराच शे. तोही कार्बनच, कठीणपणा तोच, चमक तीच. घासताना हाताला फरक कळत नाही. कच्चा माल मात्र लगेच ओळखू येतो: सीव्हीडी पद्धतीचा खडा चौकोनी वडीसारखा असतो, कडा काळ्या. बंद भट्टीत मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडतात, हिऱ्याचीच पातळ चकती बी म्हणून ठेवतात आणि तिच्यावर काही आठवड्यांत थर चढत जातो. दुसऱ्या पद्धतीत, एचपीएचटीत, प्रचंड दाब आणि उष्णता देऊन खडा वाढवतात. खाणीतले बहुतेक हिरे मात्र शंभर कोटी वर्षांहून जुने असतात.

पेनचं म्हणाल तर ते फक्त उष्णता किती पटकन वाहते ते बघतं. अमेरिकन डायमंड त्यात पकडला जातो. लॅबचा आणि खाणीतला दोन्ही वाजणारच, आणि जुन्या पेनवर मॉइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, तोसुद्धा वाजतो. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत थोडा नायट्रोजन असतो, सीव्हीडीत जवळपास नसतोच. ते प्रयोगशाळेतल्या यंत्रालाच दिसतं. म्हणून आयजीआयसारख्या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र घ्या. खड्याच्या कमरपट्ट्यावर, म्हणजे मधल्या कडेवर, लेसरने नंबर कोरलेला असतो. तो दहापट भिंगातून स्वतः वाचा आणि कागदाशी ताडून बघा. शिवाय खडा दिवसाउजेडी पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. सीव्हीडीत कधी तपकिरी झाक असते, एचपीएचटीत कधी निळसर. दुकानातल्या दिव्याखाली हे लपतं.

आता मोडीचं. आईंची शंका रास्त आहे. लॅबच्या हिऱ्याची किंमत गेल्या काही वर्षांत सारखी घसरत आली आहे. डी बिअर्ससारख्या खाणीतल्या हिऱ्यांच्या मोठ्या कंपनीने २०१८ मध्ये लॅबच्या हिऱ्यांचे दागिने वेगळ्या ब्रँडखाली कॅरेटला ८०० डॉलरने विकायला काढले, आणि २०२५ मध्ये तो ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोडीला खड्याचे पैसे येणार नाहीत असंच धरून चाला. खाणीतला हिराही विकायला गेलात तर घेतल्या किमतीला कोणी घेत नाही, तिथेही मोठी घट बसते. पाटल्यांचं काम हिरा करत नाही, कुठलाच नाही. तुमच्या जागी मी असतो तर अंगठी लॅबच्या खड्याची केली असती आणि वाचलेल्या पैशाचं सोनं मुलीच्या नावाने घेतलं असतं.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, सोन्यापुरताच असतो, हिऱ्याबद्दल तो काही सांगत नाही. बिलावर सोन्याचं वजन, खड्याचं वजन आणि ‘लॅबमध्ये तयार केलेला हिरा’ हे शब्द वेगवेगळे लिहून घ्या.

व्याह्यांना नक्की सांगा, तेही साखरपुड्याआधी. उद्या ती अंगठी सैल झाली म्हणून पोरगी शहाद्याच्या सराफाकडे जाईल आणि तिला हे तिथे कळेल. तेव्हा खडा कितीही खरा असो, तुमच्या भावाच्या शब्दाचं काय राहील?

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. प्रतिसाद आईला वाचून दाखवला. मुलीच्या नावाने सोनं घ्यायचं म्हटल्यावर ती तयार झाली. भावाने आज मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, माझ्या बाबांशी मीच बोलते. मामांनाही वरचा प्रतिसाद पाठवलाय. रविवारी परत जळगावला जातोय. बिलावर तसं लिहून द्यायला कोणी का-कू केली तर दुसरं दुकान बघू. अजून एक सांगा: अंगठी रोज घालणार असेल तर खडा १८ कॅरेटच्या सोन्यात बसवावा की २२ च्या?

प्रतिसाद १

१८ मध्येच, ताई. २२ चं सोनं मऊ असतं, खड्याला धरणारे काटे वाकतात. १८ कॅरेटचा म्हणजे ७५० चा शिक्का बघून घ्या, आणि वर्षातून एकदा काटे तपासून घ्यायला सांगा वहिनींना.